मोजणी आणि मर्जी : लोकसंख्येच्या अभ्यासाची प्रस्तावना

२०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यात १३,००,७७४ माणसे मोजली गेली. २००१मध्ये ती १२,३६,७३६ होती. म्हणजे आठही तालुके मिळून दहा वर्षांत भर पडली ६४,०३८ माणसांची, शेकडा पाच आणि वर थोडी. याच दशकात महाराष्ट्र जवळपास सोळा टक्क्यांनी वाढला आणि देश साडेसतरा टक्क्यांहून अधिक. तरीही ११ जुलैला, लोकसंख्या दिनाच्या दिवशी, जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात जाऊन बसा. भाषणाची सुरुवात ‘लोकसंख्येचा विस्फोट’ अशीच होण्याची शक्यता फार. समोर बसलेल्या पोरापोरींपैकी बहुतेकांना एकच भावंड असते, क्वचित दोन. त्यांच्या आजीला मात्र सात-आठ बाळंतपणे झालेली असतात. हा फरक कसा पडला, कोणी पाडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या भाषणात येत नाही. या अभ्यासाची सुरुवात मात्र तिथूनच होते.

नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लोकसंख्येचा अभ्यास म्हणजे डोकी मोजणे, असा समज घेऊन बहुतेक जण येतात. मोजणी करावी लागतेच, आणि ती नीट करायला शिकणे हे सोपे काम नाही. पण मोजून झाल्यावर जो प्रश्न उरतो तो निराळा असतो: मूल केव्हा, किती, आणि मुळात व्हावे की नाही, हे ठरवते कोण? नवरा, सासू, डॉक्टर, पुढारी, सरकार, की जिच्या पोटात ते वाढणार ती? मला विचाराल तर या शास्त्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. त्यातले काही मोठे प्रसंग वर्ध्यात घडले, म्हणून ही प्रस्तावना लंडन-न्यूयॉर्कहून न येता वर्ध्याहून निघते.

आधी जगाचा हिशेब उरकून घेऊ. माल्थसने लोकसंख्येवरचा आपला निबंध १७९८ साली छापला तेव्हा जगात जेमतेम एक अब्ज माणसे होती. दुसरा अब्ज पुरा व्हायला १९२७ उजाडले. पुढे मात्र गती वाढली: तिसरा १९६०मध्ये, चौथा १९७४मध्ये, पाचवा १९८७मध्ये. त्या पाचव्या अब्जाची आठवण म्हणून ११ जुलै पाळला जातो. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आठ अब्जांचा दिवस जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी भारताने चीनला मागे टाकले. एवढेच ऐकणारा घाबरून जाईल. पण वाढीचा वेग १९६०च्या दशकातच वर्षाला दोन टक्क्यांच्या वर जाऊन उतरणीला लागला आणि आज तो एका टक्क्याच्याही खाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात जग सुमारे १०.३ अब्जांवर पोहोचेल आणि तिथून ओसरू लागेल. ‘विस्फोट’ हा शब्द ज्या काळाने दिला तो काळ मागे पडला, शब्द तेवढा भाषणांत राहून गेला. पॉल एर्लिकच्या १९६८च्या गाजलेल्या ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ या पुस्तकाची सुरुवात दिल्लीच्या गर्दीतल्या टॅक्सीप्रवासाने होते. त्या वेळी दिल्लीची वस्ती पॅरिसच्या निम्म्याहून कमी होती. पॅरिसच्या गर्दीची भीती कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. गर्दी कोणाची दिसते, हाही या विषयातला एक प्रश्न आहे.

आपल्याकडची लोकसंख्या वाढली ती लोकांना जास्त मुले होऊ लागली म्हणून नव्हे. मुले पूर्वीही भरपूर होत आणि भरपूर मरत. पुढे मरण कमी झाले, जन्म तेवढेच राहिले. मग पिढी-दोन पिढ्यांनी जन्मही कमी झाले. मधल्या अंतरात जी भर पडली ती आपली लोकसंख्यावाढ. भारताच्या जनगणनेत १९२१ हे साल दुभाजकासारखे आहे, कारण १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या चक्क घटली. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने ती घटवली. वर्धा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, आणि साथीचा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत त्याचे नाव येते. त्यानंतर मात्र एकाही जनगणनेत देशाचा आकडा खाली आला नाही.

त्याच १९२१ साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणित शिकवत. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना सुरू केला तोही त्याच वर्षी. मजा बघा: देशाची लोकसंख्या घटल्याचे जनगणनेने नोंदवले त्याच वर्षी एक मराठी माणूस मुले कमी होऊ द्या म्हणून सांगायला बसला होता. म्हणजे त्याला देशाच्या आकड्याची काळजी नव्हती. त्याच्यापुढे होती ती बाळंतपणांनी पिचलेली बाई, आणि शरीरसुखाबद्दल तोंडातून अक्षर न काढणारा समाज. या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली. १९२७च्या जुलैपासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. मराठी वाचकाने या विषयात शिरताना कर्व्यांचे जुने अंक चाळावेत. ते चिडके आहेत, हट्टी आहेत, कुठे कुठे त्यांचे शास्त्र आता जुने झाले आहे. पण बाईच्या मर्जीला त्यांनी दिलेली जागा पुढच्या सत्तर वर्षांत सरकारी कागदांना देता आली नाही.

आता वर्धा. १९३५च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत नर्स म्हणून काम करताना त्यांनी गर्भपातापायी मरणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. १९१६मध्ये ब्रुकलिनला उघडलेला त्यांचा दवाखाना पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडला आणि त्यांना तुरुंगात टाकले. आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, अखिल भारतीय महिला परिषदेच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या होत्या आणि त्यांना एका माणसाचा पाठिंबा हवा होता. तो मिळाला तर निम्मे काम झाल्यासारखे होते. गांधीजींचा मुक्काम तेव्हा मगनवाडीत होता. सेवाग्राम अजून व्हायचे होते. सँगरबाई पोचल्या तो २ डिसेंबर, सोमवार, गांधीजींचा मौनाचा दिवस. त्यामुळे बोलणे झाले ते पुढल्या दिवशी आणि त्याच्या पुढल्या. संभाषण गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी टिपले आणि जानेवारी १९३६मध्ये ‘हरिजन’मध्ये छापून आले.

हे संभाषण या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजे, असे माझे मत आहे. एरवी त्याची गोष्ट ‘आधुनिक बाई विरुद्ध जुनाट म्हातारा’ अशी सांगितली जाते, आणि ती फार सोपी होते. दोघांचे कुठे जमत होते ते आधी बघा. बाईवर बाळंतपणे लादली जातात, हे दोघांनाही मान्य. मुले कमी असावीत, हेही मान्य. गांधीजींचे म्हणणे असे, की बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे. ती नाही म्हणाली की प्रश्न मिटला. साधने मात्र नकोत, त्यांनी माणूस संयम विसरतो. त्यांनी स्वतः १९०६मध्ये, चार मुलगे झाल्यावर, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. सँगरबाईंचे म्हणणे, नकार देणारीचा संसार मोडतो, आणि नवरा-बायकोतल्या प्रत्येक जवळिकीला वासना म्हणून हिणवणे हेही बरोबर नाही. शेवटी गांधीजी एवढ्यापुरते नरमले, की महिन्यातले ‘सुरक्षित दिवस’ पाळण्याच्या पद्धतीला त्यांचा तितकासा विरोध नव्हता, कारण तीत थोडाफार संयम तरी राहतो. सँगरबाईंना हवा तो पाठिंबा मिळाला नाही. डिसेंबरअखेर त्रिवेंद्रमला महिला परिषदेने मात्र संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला.

मला या संभाषणात खटकते ते तिसरेच. वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत तेव्हा ज्या बाया पऱ्हाटी वेचत होत्या, त्यांच्या शरीरांबद्दल हे सगळे चालले होते, आणि त्यांच्यातली एकही त्या बैठकीत नव्हती. गांधीजींच्या बाजूचे एक वाक्य तरीही आजच्या विद्यार्थ्याने सोडू नये: बाईच्या नकाराला किंमत हवी. ते त्यांनी ज्या कारणासाठी म्हटले ते कारण आपल्याला पटो न पटो. त्या नकाराला आपल्या कायद्याने आणि आपल्या घरांनी अजूनही पुरते घेतलेले नाही.

तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ला, मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून जास्त मूल कोणी होऊ दिले नसते, असा त्यातला युक्तिवाद. ठराव पडला. त्याच सुमाराला पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई या कामाला लागल्या. वीस वर्षे त्या खेडोपाडी जाऊन बायकांशी बोलत राहिल्या, पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेतही गेल्या. या माणसांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिता येतील. इथे पुढे सरकले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न हाती घेतला तो सरकारने. १९५२मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली; धन्वंती रामा राव, आवाबाई वाडिया आणि पुन्हा त्याच सँगरबाई तिथे होत्या, आणि आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाचा जन्म तिथेच झाला. सुरुवातीचा कार्यक्रम गरीब आणि संकोची होता. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या शिष्या, त्यामुळे भर सुरक्षित दिवसांच्या पद्धतीवर. म्हणजे मगनवाडीतली ती तडजोड देशाचे धोरण बनून बसली, काही वर्षे तरी.

मग आल्या डॉ. सुशीला नायर. सेवाग्रामच्या सुशीलाबहन, बापूंच्या डॉक्टर, आजन्म अविवाहित, गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांची धाकटी बहीण. १९४४-४५च्या सुमारास सेवाग्रामला बायका-मुलांसाठी त्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला, तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय. १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. त्यांच्याच काळात, १९६५मध्ये, गर्भाशयात बसवायचा ‘लूप’ आला, सरकारी दवाखान्यांतून लाखो बायकांना तो बसवला गेला, आणि १९६६मध्ये मंत्रालयाच्या नावातच कुटुंबनियोजन आले. गर्भपाताचा कायदा बदलावा की नाही हे बघायला शांतिलाल शहा समिती नेमली गेली तीही १९६४मध्ये. त्यातून १९७१चा कायदा आला. गांधीजींच्या आश्रमात वाढलेली बाई देशभर साधने पोचवण्याच्या कामाची मंत्री होते, यात काहींना विसंगती दिसेल. मला त्यात एका डॉक्टरचा व्यवहार दिसतो: रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणी ज्याने पाहिल्या त्याला तत्त्वावर फार काळ उभे राहता येत नाही. लूपचे मात्र पुढे फसले. साधन वाईट नव्हते. बसवायची घाई झाली आणि नंतरची विचारपूस कोणीच केली नाही. रक्तस्राव होऊ लागला, पोटात दुखू लागले, बोलायला गावात कोणी नाही. बायकांनी लूप काढून घेतले आणि गावोगाव त्याचे नाव खराब झाले. आजही तांबी बसवायला घाबरणारी बाई आपल्या आईने किंवा सासूने सांगितलेली एखादी गोष्ट सांगते. तिला अडाणी म्हणण्याआधी हा इतिहास माहीत असावा.

सुशीलाबहन मंत्रिपदानंतर सेवाग्रामला परतल्या आणि १९६९मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. खेड्यात वसलेले ते देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. तिथे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावे लागते, मग खेड्यातल्या कुटुंबांशी त्यांची गाठ घालून दिली जाते. हा विषय शिकायची याहून बरी रीत मला माहीत नाही.

आणीबाणीबद्दल फार लिहिणार नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहे असे वाटते. महाराष्ट्राचा त्यातला वाटा मात्र विसरला गेला आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक देशात सर्वांत आधी मंजूर केले ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९७६ साली: तीन मुलांनंतर नसबंदी बंधनकारक. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. सक्ती त्याआधीच सुरू झाली होती. बार्शीत १९७६च्या जानेवारीत रस्त्यावरून माणसे धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्याचे प्रकार घडले. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. निवडणुकीत सरकार गेले आणि ‘कुटुंबनियोजन’ खात्याचे ‘कुटुंबकल्याण’ झाले. पण सर्वांत मोठा बदल कोणी जाहीर केला नाही. त्यानंतर पुरुषांना कोणी हात लावला नाही. लक्ष्यांक पुरे करायचे ते बायकांच्या शस्त्रक्रियांवर, असे ठरल्यासारखे झाले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झालेली जोडपी होती ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी. बाईची पोटाची. आणि तरीही.

हे आकडे नुसते वाचू नका, एखाद्या उपकेंद्रात जाऊन बघा. नर्सबाईंकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, वय, हयात मुलगे किती, हयात मुली किती, शेवटच्या मुलाचे वय, सध्या कोणते साधन. ओळीवरून बोट फिरवत नर्सबाई पुढचे भाकीत करू शकतात: दोन मुलगे, म्हणजे ही ‘केस’ या हिवाळ्यातल्या शिबिराला येणार. एक मुलगा एक मुलगी, सहा महिन्यांत येईल. दोन मुली, ही अजून थांबेल. हिला आता गोळ्या द्या. बोटाखालच्या रकान्यात साधन म्हणून ‘निरोध’ किंवा ‘छाया’ गोळ्या लिहिलेल्या असतात, कधी ‘अंतरा’चे इंजेक्शन, पण ते बहुधा तात्पुरते, सगळा प्रवाह वाहतो तो पंचविशीच्या आसपास होणाऱ्या त्या एका शस्त्रक्रियेकडे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ दोन बाळंतपणे, आणि ‘आपरेशन करून टाकलं, आता मोकळी’. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी साधन वापरणे, पाळणा लांबवणे, हे आपल्या कार्यक्रमात कायम सावत्र राहिले. बाईला मोकळे वाटते हे खरे आहे. पण तिला निवडायला काय काय दिले होते, हा प्रश्न त्या नोंदवहीच्या कुठल्याच रकान्यात नाही. आणि मुलगे व मुली यांचे रकाने वेगळे का आहेत, याचे उत्तर ०-६ वयोगटाच्या आकड्यांत सापडते: महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे २००१मध्ये ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४. कुटुंब लहान होत गेले, मुलाचा हट्ट तेवढाच राहिला. मधल्या मध्ये सोनोग्राफीचे यंत्र आले. गर्भलिंगचाचणीवर देशात पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, हेही नोंदवून ठेवा.

मर्जीचा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर परत आणण्यात विदर्भाचा हात आहे. वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत बायकांची तपासणी केली आणि १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासून घेतलेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेच्या लेखी खेड्यातल्या बाईच्या गर्भाशयाला एकच काम होते आणि त्यावर एकच उपाय. या अभ्यासानंतर, आणि जगभरच्या स्त्री-संघटनांच्या रेट्यामुळे, संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या कैरो लोकसंख्या परिषदेत लोकसंख्येचे धोरण स्त्रीच्या आरोग्याभोवती आणि हक्कांभोवती मांडायचे ठरले. भारताने १९९६मध्ये वरून येणारे लक्ष्यांक काढून टाकले. खालपर्यंत ते किती निघाले, हे कोणत्याही आशाताईला मार्च महिन्यात विचारा.

आता थोडे तंत्र. या विषयात सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा समजला जाणारा आकडा म्हणजे एकूण जननदर. २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्राचा तो १.७ होता, देशाचा २.०; १९७१च्या सुमारास देशाचा ५.२ होता. याचा अर्थ इथल्या प्रत्येक बाईला १.७ मुले आहेत असा नव्हे. एका वर्षात वेगवेगळ्या वयाच्या बायकांना ज्या प्रमाणात मुले झाली, त्याच प्रमाणात एका काल्पनिक बाईला पंधरा ते एकोणपन्नास या वयात ती होत गेली तर एकूण किती होतील, तो हा हिशेब. ही बाई जगात कुठेच नसते. तिला धरून मात्र सगळी धोरणे ठरतात. पिढीची जागा पिढीने घ्यायला हा दर २.१ लागतो, वरचा ०.१ अशासाठी, की मुली मुलग्यांपेक्षा जरा कमी जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत.

मग २.०वर आलेला देश अजून वाढतो कसा? साठ कपांचा चहा चुलीवर उकळत असताना जाळ बंद केला तरी आधण लगेच थंड होत नाही, तसेच हे आहे. जास्त मुले होण्याच्या काळात जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी एकूण जन्म भरपूर. म्हणून भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत जाऊन सुमारे १७० कोटींपर्यंत पोचेल, असा अंदाज आहे. त्या वाढीला आजच्या जोडप्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि कायद्याने ती थांबतही नाही. तरी कायदे होतात. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरे मूल झालेल्याला ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. २००५च्या नियमांनुसार सरकारी नोकरीलाही तीच अट. अपात्र ठरणाऱ्यांत बाया असतात. ते तिसरे मूल तिच्या मर्जीने झाले होते का, हे निवडणूक अधिकारी विचारत नाही, त्याला विचारण्याचा अधिकारही नाही.

जिल्ह्याचे आकडे वाचताना आणखी एक सांभाळा. १९९१ ते २००१ या दशकात वर्धा जवळपास सोळा टक्क्यांनी वाढला होता. पुढच्या दशकात पाच. एवढा फरक केवळ पाळणे थांबल्याने पडत नाही. जिल्ह्याच्या वाढीत जन्म आणि मृत्यू यांच्याबरोबर येणारे आणि जाणारेही असतात. त्याच दशकात शेजारचा नागपूर जिल्हा चौदा टक्क्यांहून जास्त वाढला. कपाशीचा भाव, कोरडवाहू शेती, पुण्या-नागपूरच्या नोकऱ्या, हे सारे लोकसंख्याशास्त्राचे विषय आहेत. ज्याला फक्त गर्भनिरोधकांचा अभ्यास करायचा आहे त्याने फार्मसीला जावे.

वाचायला कुठून घ्यावे, असे विद्यार्थी विचारतात. पुण्याच्या गोखले संस्थेत कुमुदिनी दांडेकरांनी १९५०च्या दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यांची जी पाहणी केली ती आजही पद्धतीचा धडा म्हणून वाचावी: किती थोड्या साधनांत किती काळजीने काम होते ते कळते. मुंबईत देवनारला १९५६पासून आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या तिथूनच चालतात. आशा भेंडे आणि तारा कानिटकर यांचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे पण अतिशय स्वच्छ. देशभरच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. मराठीत मात्र कर्व्यांनंतर या विषयावर सलग, निर्भीड आणि वाचनीय लेखन फार थोडे झाले. ही तक्रारही आहे आणि निमंत्रणही.

करण्यासारखे काम कमी नाही. १९७७नंतर पुरुष या कार्यक्रमातून कसे निसटले, याचा एखाद्या तालुक्यापुरता तपशीलवार अभ्यास हवा: म्हाताऱ्या पुरुषांच्या आठवणी, जुन्या शिबिरांच्या नोंदी, नर्सबाईंचे अनुभव. ज्या बायकांची शस्त्रक्रिया पंचविशीत झाली त्यांना पन्नाशीत काय वाटते, हे कोणी विचारायला हवे. विदर्भातल्या खेड्यांत शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या वीसच्या खाली घसरते आहे, आणि शेतावर एकटे म्हातारा-म्हातारी उरत आहेत. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावणारा अभ्यास मी अजून वाचलेला नाही, तो वर्ध्यातल्याच कोणी करावा असे वाटते.

२०२१ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. ती आता १ मार्च २०२७ हा संदर्भ-दिनांक धरून व्हायची आहे. म्हणजे या विषयात आत्ता येणाऱ्यांच्या हाती सोळा वर्षांनंतरचा पहिला तक्ता पडेल. वर्ध्याचा आकडा वाढला की घटला, यावर वर्तमानपत्रे मथळे करतील. तुम्ही आधी तालुक्यांच्या तक्त्यात ०-६ वयोगटातल्या मुली आणि मुलगे वेगवेगळे बघा, मग साठीच्या वरचे, मग २०११च्या तक्त्याशी गावागणिक ताडून बघा. आणि जिथे आकडा समजणार नाही, त्या गावच्या उपकेंद्राचा पत्ता काढा.